मेजावर सापडलेली दरी : मेरी थार्प यांचं प्रकरण, बेळगावच्या वर्गासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत विज्ञानाचा गटप्रयोग सुरू झाला की कामाची वाटणी बहुतेकदा कुणी न सांगताच होते. मुलगे उपकरणाभोवती गोळा होतात आणि एखाद्या मुलीच्या हातात वही येते. "तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही की." हे प्रकरण त्या 'लिही की'चं आहे. न्यूयॉर्कजवळच्या एका भूवैज्ञानिक वेधशाळेत १९५२ साली एका बाईला बोटीवर जायची मुभा नव्हती, म्हणून आकडे आणि आकृत्यांचं काम तिच्याकडे आलं. अटलांटिकच्या तळाशी असलेली दरी तिला त्या कामातूनच दिसली. जे बोटीवर होते त्यांना ती दिसली नव्हती.

हे प्रकरण 'तिने अडथळ्यांवर मात केली' या एका वाक्यात उरकायची सवय आहे. त्या वाक्यात अडथळा नेमका कसला होता आणि शोध कुठल्या कृतीतून लागला, या दोन्ही गोष्टी बुडतात. वर्गात शिकवण्यासारखं तर तेच आहे.

थार्प तिथवर कशा पोचल्या

मेरी थार्प यांचा जन्म ३० जुलै १९२० रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी इथला. वडील शेतकी खात्यात माती-सर्वेक्षणाचे नकाशे करत. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलीने डझनाहून अधिक शाळा बदलल्या. १९४३ साली त्यांनी इंग्रजी आणि संगीत घेऊन पदवी घेतली. भूविज्ञानाचं दार त्यांना उघडलं ते युद्धामुळे. पुरुष सैन्यात गेल्यावर मिशिगन विद्यापीठाने पेट्रोलियम भूविज्ञानाचा वर्ग मुलींना खुला केला. तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन त्या टल्सा शहरातल्या एका तेल कंपनीत लागल्या. बायकांना क्षेत्रकामावर पाठवत नसत, म्हणून पुरुष गोळा करून आणतील ती माहिती कार्यालयात बसून लावायची, एवढंच काम होतं. नोकरी सांभाळून त्यांनी गणिताची आणखी एक पदवी घेतली.

१९४८ साली त्या कोलंबिया विद्यापीठात भूवैज्ञानिक मॉरिस यूइंग यांच्याकडे गेल्या. यूइंग यांना त्यांच्या पदव्यांचं काय करावं ते कळेना. आकृत्या काढता येतील का, असं विचारून त्यांनी थार्पना ठेवून घेतलं. पुढच्याच वर्षी यूइंग यांची लॅमाँट वेधशाळा सुरू झाली. थार्प तिथे ब्रूस हीझेन या तरुण संशोधकाबरोबर काम करू लागल्या. वाटणी ठरलेली होती. हीझेन बोटीवर जाऊन खोलीचे आकडे आणत, थार्प ते कागदावर मांडत. स्वतः संशोधन-सफरीवर जायला त्यांना १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आकडे कसे येत आणि कुठे फसवत

विहिरीचा ठाव आपल्याकडे परसांत सांगत आणि मालवणकडचे मच्छीमार समुद्राचा ठाव वावांत मोजत. दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर म्हणजे एक वाव. इंग्रजी बोटींवरचा फॅदमही तोच, १.८३ मीटरचा. दोरी सोडून खोल समुद्र मोजायला एकेका जागी तास तास जात. प्रतिध्वनी-मापक आल्यावर ते काम सेकंदांवर आलं.

बोटीच्या तळातून आवाजाचा ठोका सोडायचा आणि तो परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. ठोका ४ सेकंदांनी परत आला तर जाण्याचे २ आणि येण्याचे २, म्हणून खोली ३००० मीटर. दोनने भागायला विसरणं ही वर्गातली पहिली ठरलेली चूक. खऱ्या यंत्रातल्या चुका याहून छुप्या होत्या.

अमेरिकी यंत्रं आवाजाचा वेग सेकंदाला ८०० फॅदम, म्हणजे सुमारे १४६३ मीटर धरत. त्याच ४ सेकंदांना यंत्र २९२६ मीटर दाखवणार, ७४ मीटरचा फरक. ही चूक सगळीकडे सारखी असल्याने तळाचा आकार तिने फारसा बिघडत नाही. घड्याळाची चूक मात्र आकारच बिघडवते. बोटीवरची वीज कमीजास्त झाली की नोंदयंत्राची गती बदलते, आणि ०.१ सेकंदाची गफलत म्हणजे ७५ मीटर. वेळ काटेकोर राखणारी नोंदयंत्रं १९५३ नंतरच्या सफरींवर आली. थार्पपुढचे पहिले कागद त्याआधीचे होते.

दुसरी अडचण ठोक्याच्या पसरटपणाची. आवाज सुईसारखा सरळ खाली जात नाही, शंकूसारखा पसरतो. शंकूचा कोन ६०° धरला तर ३००० मीटर खाली तो साडेतीन किलोमीटर रुंद जागा व्यापतो. बोट अरुंद दरीवर असली तरी पहिला प्रतिध्वनी जवळच्या कड्यावरून येतो. तळाचा उशिराने येतो आणि फिका उमटतो. म्हणून कागदावर दरी असते त्यापेक्षा उथळ आणि गोलसर दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण नेमके कुठे आहोत. तेव्हा उपग्रह नव्हते. तारे-सूर्य पाहून जागा काढायची आणि मधल्या वेळेत वेग नि दिशेवरून अंदाज करायचा. काही किलोमीटर इकडेतिकडे होणं रोजचंच. दोन सफरींच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही खोल्या जुळतात का, हे पाहणं हाच मेजावरचा ताळा.

सहा छेद

१९४६ ते १९५२ या काळातले, मुख्यतः 'अटलांटिस' बोटीने आणलेले आकडे घेऊन थार्प यांनी उत्तर अटलांटिक आडवा कापणारे सहा छेद, म्हणजे तळाचे चढउतार बाजूने दाखवणाऱ्या रेघा, काढले, अमेरिकेच्या बाजूपासून युरोप-आफ्रिकेच्या बाजूपर्यंत. सगळे एकाच प्रमाणावर, उभी मापं आडव्या मापांच्या ४० पट ताणून.

ही ४० पट ताण का लागते, हे बेळगावकरांना घरच्या रस्त्यावरून कळतं. बेळगाव ते पणजी सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास, चोर्ल्याचा माथा ८०० च्या आसपास, तिथून घाट कोसळतो. १ सें.मी.ला १ कि.मी. या मापाने ८० सें.मी. लांब कागद घ्या. उभं मापही तेच ठेवलं तर सगळा सह्याद्री ८ मिलिमीटरांत संपतो. पेन्सिलीची रेघ जराशी वाकली, एवढंच. उभं माप १ सें.मी.ला २५ मीटर धरा, म्हणजे बरोबर ४० पट. आता बेळगाव ३० सें.मी.वर, माथा ३२ वर, आणि चोर्ल्याला कडा तुटल्यासारखी रेघ खाली येते. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या सर्वेक्षण-नकाशावर, दर २ सें.मी.ला, म्हणजे दर किलोमीटरला, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वाचून हा छेद दोन तासिकांत होतो.

मात्र ताणलेल्या छेदातला उतार खरा मानायचा नाही. १०° चा उतार ४० पट ताणल्यावर ८२° दिसतो. 'समुद्रतळाचे डोंगर सुळक्यासारखे उभे असतात' असं उत्तर पेपरात आलं की समजावं, मुलाने छेद पाहिला पण मापपट्टी पाहिली नाही.

सहाही छेद एकाखाली एक लावल्यावर मध्य-अटलांटिक पर्वतरांग दिसली. तिच्यात नवल नव्हतं, जर्मन 'मेटिओर' बोटीने १९२५ ते १९२७ मध्ये ती चांगली मोजली होती. थार्पचं लक्ष गेलं ते रांगेच्या माथ्यावरच्या खाचेकडे. एका छेदातला डोंगर दुसऱ्या छेदातल्या डोंगराशी जुळत नव्हता, शिखरं पुढेमागे होती. खाच मात्र छेदामागून छेदात माथ्यावरच येत होती, उत्तरेकडच्या तीन छेदांत सर्वांत ठळक. एका छेदात खाच दिसली तर ती यंत्राची चूक असू शकते. बाकी काही जुळत नसताना तीच तेवढी जुळते आहे, म्हणजे ती सलग दरी आहे. निष्कर्षाचा सगळा भार या तर्कावर आहे, आणि तो आकडे गोळा करताना सुचणारा नाही. बोटीवरच्या माणसाच्या हातात एका वेळी एकच रेषा असते.

नकार, आणि भूकंपाचे ठिपके

माथ्यावर सलग फट, म्हणजे तिथे कवच दुभंगून दूर सरकतंय. यातून खंड सरकतात या कल्पनेचा वास येत होता, आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांत तेव्हा ती कल्पना बाळगणं म्हणजे हसं करून घेणं होतं. हीझेन यांनी 'पोरींच्या गप्पा' अशा अर्थाचा शेरा मारून ती बाजूला सारली. त्यांचं मन वळायला सुमारे वर्ष गेलं, आणि तेही वादाने वळलं नाही.

त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर नावाचे एक कर्णबधिर चित्रकार वेगळ्या कामासाठी नेमले होते. समुद्राखालून टेलिफोनच्या तारा टाकायच्या होत्या, धोक्याच्या जागा टाळण्यासाठी बेल प्रयोगशाळेला भूकंपांच्या केंद्रांचा नकाशा हवा होता. फॉस्टर हजारो केंद्रांचे ठिपके देत होते. हा नकाशा आणि थार्पचा नकाशा एकाच प्रमाणावर होते. काचेच्या मेजाखाली दिवा लावून एक दुसऱ्यावर ठेवला, तर ठिपक्यांचा पट्टा दरीतूनच गेलेला.

इथून पुढे काम उलट्या दिशेनेही चालू लागलं. दक्षिण अटलांटिक, हिंदी महासागर, जिथे खोलीचे आकडे विरळ पण भूकंपांची नोंद आहे, तिथे ठिपक्यांच्या रांगेवरून दरीचा अंदाज बांधता आला. आपल्या पश्चिमेचा अरबी समुद्रही त्यातच येतो, त्याच्या तळाशी कार्ल्सबर्ग रांग आहे. असं जोडत गेल्यावर सगळ्या महासागरांतून फिरणारी सुमारे ६५,००० किलोमीटरची एकच रांग उभी राहिली.

१९५६ साली यूइंग आणि हीझेन यांनी हे जाहीर केलं. त्यावर थार्पचं नाव नव्हतं.

गुपित आकडे आणि नकाशाची तऱ्हा

तिसरा अडथळा बाई असण्याचा नव्हता, पण प्रकरणात तोच सर्वांत फलदायी ठरला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने खोलीचे नेमके आकडे गुपित ठेवले होते. समोच्च रेषांचा नकाशा छापला तर प्रत्येक रेषेवर खोली लिहावी लागते, म्हणजे गुपित फुटतं. (आपल्याकडेही किनाऱ्यालगतचे सविस्तर टोपोशीट अनेक वर्षं निर्बंधित होते, २००५ च्या नकाशा धोरणानंतर ते सैल झालं.) म्हणून थार्प आणि हीझेन यांनी भूरूप-चित्राची पद्धत घेतली. तळ तिरक्या नजरेने वरून पाहावा तसा, डोंगराला डोंगराचा आकार आणि मैदान सपाट. खोलीचा आकडा नाही, पण कुणालाही एका नजरेत कळतं.

उत्तर अटलांटिकचं पहिलं चित्र १९५७ मध्ये छापलं आणि १९५९ मध्ये त्यावरचा सविस्तर ग्रंथ आला; त्याच्या लेखकांत हीझेन आणि यूइंग यांच्याबरोबर थार्पचंही नाव आहे. हे चित्र काढायला समोच्च नकाशापेक्षा जास्त भूविज्ञान लागतं. दोन मोजलेल्या रेषांच्या मध्ये शंभर किलोमीटर कोरी जागा असेल तर तिथे टेकड्या काढायच्या की मैदान, हे तळ कसा घडतो याच्या समजेवरच ठरतं. अगदीच माहिती नसलेल्या एका मोठ्या कोऱ्या जागेत जुन्या नकाशांसारख्या जलपऱ्या आणि बुडालेली जहाजं काढावीत असं थार्पच्या मनात होतं. हीझेन ऐकेनात, तेव्हा तिथे सूचीची चौकट आली.

१९५९ सालीच न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय समुद्रविज्ञान परिषदेत फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कुस्तो यांनी आपल्या बोटीमागे कॅमेऱ्याची घसरगाडी ओढून या रांगेवर केलेलं चित्रण दाखवलं. दरी होती तिथेच होती. पुढे अमेरिकी भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये तळ पसरण्याची कल्पना मांडली आणि भूपट्ट सिद्धांताकडे, म्हणजे पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं आहे या सिद्धांताकडे, वाट गेली.

१९६० च्या दशकात यूइंग आणि हीझेन यांचं बिनसलं, त्याची झळ थार्पना लागली. लॅमाँटमधली नोकरी गेली आणि नायॅक गावातल्या घरी मेजं मांडून त्यांनी काम चालू ठेवलं. जगाच्या सगळ्या महासागरांच्या तळाचा, चित्रकार हाइनरिख बेरान यांनी रंगवलेला नकाशा १९७७ मध्ये आला. त्याच वर्षी हीझेन एका पाणबुडीच्या सफरीत हृदयविकाराने वारले. थार्प २३ ऑगस्ट २००६ रोजी गेल्या. अमेरिकी नौदलाने २०२३ मध्ये आपल्या एका सर्वेक्षण जहाजाला त्यांचं नाव दिलं. हा न्याय झाला असं कुणी म्हणेल. आमच्या मते १९५६ चं राहिलेलं नाव त्याने भरून निघत नाही.

वर्गात : बंद खोक्याचा तळ

खोका आतून ६० सें.मी. लांब, ३० रुंद, २५ खोल. तळाशी रद्दी चुरगाळून चढउतार करायचे आणि वर दीड सें.मी. शाडूचा थर द्यायचा. भिजवलेली शाडू ६-७ किलो लागते; गणपतीनंतर मूर्तिकारांकडे उरलेली सहज मिळते. लांबीच्या साधारण मध्यावर, खोका आडवा कापणारी १२ सें.मी. उंच रांग करा. तिच्या माथ्यावर ३ सें.मी. रुंद, ४ सें.मी. खोल खाच ठेवा, किंचित वळणाची. शिखरं मुद्दाम वेडीवाकडी हवीत, कारण शिखरं जुळली तर खाच जुळण्यात काही उरत नाही. दोन दिवस वाळू द्या. ओल्या शाडूत काडी रुतते आणि प्रत्येक खोली सेंटिमीटरभर जास्त येते.

झाकणाला जाड पुठ्ठा, त्यावर आलेख कागद. लांबीच्या दिशेने ५ सें.मी. अंतरावर सहा रेषा. मोजायला खराट्याचा सरळ हीर, ४० सें.मी.चा, त्यावर अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा. पुठ्ठा मध्ये झुकतो आणि रांग आहे त्यापेक्षा उंच भासते, म्हणून झाकणाखाली लाकडाच्या दोन पट्ट्या लांबीने टाकाव्यात.

पहिल्या फेरीत दर ६ सें.मी.ला भोक, म्हणजे रेषेला १० मापं. खाच ३ सें.मी.चीच असल्याने सहापैकी साधारण तीन रेषांत ती निसटते. दुसऱ्या फेरीत दर २ सें.मी.ला भोक, रेषेला ३०. आता एकाही रेषेत निसटत नाही. समुद्रावरही हेच होतं. १० नॉटने जाणारी बोट तासाला साडेअठरा किलोमीटर कापते. तासातून एकदा मापलं तर १५ किलोमीटर रुंदीची दरी दोन मापांच्या मध्ये राहून जाऊ शकते.

प्रत्येक रेषेचा छेद बटर पेपरच्या वेगळ्या पट्टीवर, सगळ्यांचं प्रमाण एकच. इथे गट सर्वांत जास्त घसरतात. एक गट झाकणापासून खाली मोजलेलं अंतर वरच्या दिशेने मांडतो आणि त्याची रांग दरी होऊन बसते. दुसरा आपल्या वहीत मावेल ते प्रमाण घेतो. पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की ते लगेच उघडं पडतं. शिक्षकांनी आधी सांगू नये.

मग 'भूकंपां'ची यादी द्या, खाचेच्या दोन्ही अंगांना सेंटिमीटरभरात पसरलेले तीसेक बिंदू. आधी निम्म्या प्रमाणाच्या कागदावर. कुणालाच काही दिसत नाही. तेच बिंदू झाकणाच्या मापाच्या बटर पेपरवर उतरवले आणि खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद धरले, की वर्गात कुजबुज होते.

शेवटी झाकण काढायचं. हिराच्या टोकाला ४ सें.मी. रुंद पुठ्ठ्याची चकती लावून पुन्हा मोजा. चकती खाचेच्या काठांवर टेकते आणि दरी नाहीशी होते. पसरट ठोक्याचं स्पष्टीकरण फळ्यावर करण्यापेक्षा हे बरं.

दोन चुका प्रश्नोत्तरांत नक्की येतात. 'थार्पने भूपट्ट सिद्धांत मांडला', हे खरं नाही. त्यांनी दरी दाखवली आणि ती सलग आहे हे दाखवलं. 'बाईंना समुद्रावर जाता येत नाही' असंही कुणीतरी म्हणतं. त्याला उत्तर घाटाखालीच आहे. गोव्यात दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या आदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता बरोबर होत्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या दोन स्त्रिया.

गटांची वाटणी पहिल्या फेरीत मुलांवर सोडावी आणि नोंद करावी. दुसऱ्या फेरीला कामं उलटी करावीत. प्रत्येक पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात तीन ओळींची चौकट : ठाव कुणी घेतला, आकडे कुणी लिहिले, रेघ कुणी ओढली. खाच प्रथम कुणी दाखवली त्या नावाखाली शिक्षकांनी लाल रेघ मारावी, आणि पट्ट्या वर्षभर भिंतीवर राहू द्याव्यात.